सर संध्याकाळी येतात

(महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचे अध्यक्ष व सदस्य यांना खुले पत्र)

महोदय,



आमच्या घरापासून चार मिनिटांच्या वाटेवर औषधांचे दुकान आहे. गेली अकरा वर्षे मी तिथून औषधे आणते. गल्ल्याच्या मागे, धन्वंतरीच्या तसबिरीखाली, तुमच्या परिषदेचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून टांगले आहे. त्यावर एका तरुणाचा फोटो आहे. भांग डावीकडे, मिशी नुकतीच फुटलेली, शर्टाचे गळ्याजवळचे बटणही लावलेले. खाली नाव आणि नोंदणी क्रमांक. बिल होईपर्यंत दुसरे काही करण्यासारखे नसते, म्हणून मी ते इतक्यांदा वाचले आहे की क्रमांक मला तोंडपाठ आहे. या अकरा वर्षांत ते गृहस्थ मला एकदाही दिसलेले नाहीत.

कायद्याच्या हिशेबाने मात्र त्या दुकानातली प्रत्येक गोळी त्यांच्या देखरेखीखालीच माझ्या हातात पडलेली आहे.

पत्र अन्न व औषध प्रशासनाला न लिहिता तुम्हाला का, असे तुम्ही विचाराल. दुकानाला परवाना ते देतात हे खरे. पण फोटोतल्या त्या मुलाला फार्मासिस्ट तुम्ही केलेत. रजिस्टर तुमचे आहे.

मागच्या पावसाळ्यात सासूबाईंची बोटे सुजली. वय ७९. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नसे. संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले आणि समोर बसवून नीट समजावले: आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. वार कोणता, हे त्यांनी सासूबाईंनाच ठरवायला सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुवारी दत्ताचा उपास असतो, गुरुवार सोडून कुठलाही." मग बुधवार ठरला. बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिड. चिठ्ठीवर हे सगळे इंग्रजीत होते, आणि अक्षर डॉक्टरांचे होते.

दुकानात नेहमीचा मुलगा होता. चलाख आहे, कुठल्या खणात काय आहे ते न बघता काढतो. त्याने दोन पट्ट्या काढल्या. दोन्ही गोळ्या चिमुकल्या, पिवळट, आणि कंपन्यांनी ठेवलेल्या दोन्ही नावांची सुरुवात सारखीच. त्याने कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापल्या, दोन कागदी पाकिटांत घातल्या आणि दोन्हींवर बॉलपेनने १-०-० लिहिले. मी पैसे दिले. पाच रुपये सुटे नव्हते म्हणून त्याने खोकल्याच्या दोन गोळ्या पुढे केल्या, त्याही घेतल्या.

रात्री सासूबाई चष्मा लावून पाकिटे उलटसुलट करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "यातली बुधवारची कुठली गं? दोन्हींवर रोजचंच लिहिलंय."

तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत कर्करोगावर देतात. संधिवातावर ते अगदी थोडे, आठवड्यातून एकदा. तेच कुणी रोज घेतले तर काही दिवसांत तोंड सोलवटून निघते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, आणि म्हातारे माणूस त्यातून उठेलच असे नाही. आठवड्याची गोळी रोज घेतली जाण्याची ही चूक जगभरच्या रुग्णालयांना ओळखीची आहे, त्यावर इशारे निघालेले आहेत. आमच्या घरी ती टळली ती दत्तगुरूंच्या उपासामुळे. वाराची बोलणी झाली नसती तर सासूबाईंच्या लक्षात तो वार राहिला नसता, आणि मी तर पाकिटावरचेच वाचून दिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. मुलगा घाबरला, पण लगेच सावरला. "काकू, डॉक्टरांनी सांगितलंच असेल ना तुम्हाला?" मी फार्मासिस्ट कुठे आहेत असे विचारले. "सर संध्याकाळी येतात." संध्याकाळी गेले. "सर आत्ताच गेले, पाच मिनिटं आधी यायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी सर गावाला गेले होते. चौथ्या दिवशी मी विचारले नाही. भिंतीवरचे सर नेहमीप्रमाणे समोर बघत होते.

त्या मुलावर माझा राग नाही. तो बारावी नापास आहे, हे त्यानेच मला एकदा सांगितले होते. त्याला महिन्याला जे मिळते त्यात मेथोट्रेक्सेटचे ज्ञान येत नाही. गोळ्या मोजायला आणि सुटे पैसे द्यायला त्याला ठेवलेला आहे, आणि ते काम तो चांगले करतो. त्याच्या पलीकडे जो माणूस उभा असायला हवा, तो नाही. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर आहे.

माझ्या लहानपणी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे एक कंपाउंडर होते. आपली बाटली आपणच धुऊन न्यायची. लाकडी खिडकीतून ते गुलाबी मिक्श्चर भरून देत आणि बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवत. एका खाचेएवढे एका वेळी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती पट्टी कळायची. बाटली देताना ते दरवेळी विचारत, "किती वेळा घ्यायचं? सांग बघू." आपण सांगितल्याशिवाय बाटली सोडत नसत. त्यांच्याकडे कुठले प्रमाणपत्र होते मला ठाऊक नाही. कंपाउंडरांचा तो काळ मोडून शिकलेला, नोंदवलेला माणूस औषधाच्या जागी उभा राहावा, म्हणून तर १९४८ चा फार्मसी कायदा आला. शिकलेला माणूस तयार झालाही. दोन वर्षांचा डिप्लोमा आणि ५०० तासांचे प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी. पण "सांग बघू" म्हणणारे खिडकीत कुणी उरले नाही.

नियम हवेत म्हणून मी लिहीत नाही, नियम भरपूर आहेत. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम म्हणतो की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे. फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम नोंदणी नसलेल्याला औषध देण्यास मनाई करते. आणि २०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने जी नियमावली काढली, ती वाचून तर मला हसू आले आणि मग रडूही. फार्मासिस्टने पांढरा कोट घालावा, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा. औषध कशासाठी, कसे, किती दिवस घ्यायचे, ते कुठे ठेवायचे, त्याचे त्रास कोणते, कोणत्या खाण्याशी किंवा दुसऱ्या औषधाशी त्याचे पटत नाही, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, हे सगळे त्याने रुग्णाला सांगावे. आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी.

चुकलेल्या गोळीचे काय करायचे, हे मला आयुष्यात कुणीही काउंटरवर सांगितलेले नाही. एक अपवाद सोडून.

कोल्हापूरला माझी बहीण राहते. तिच्या पेठेत एक दुकान आहे, जेमतेम दहा फुटांचे. तिथे पांढरा कोट घातलेल्या एक बाई असतात, बिल्ल्यावर नाव असते. मी थायरॉइडच्या गोळ्या घ्यायला गेले होते. त्यांनी बाटली हातात ठेवण्याआधी विचारले, "याबरोबर आणखी काय घेता?" मी म्हणाले, कॅल्शियम. "कधी?" सकाळीच, दोन्ही एका घोटात, विसरायला नको म्हणून. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की मला अडाणी ठरवले नाही. म्हणाल्या, "ताई, कॅल्शियम ही गोळी अंगाला लागू देत नाही. ही अनशापोटी घ्या, आणि कॅल्शियम चार तासांनी, जेवणानंतर." चार वर्षे मी दोन्ही एकदम गिळत होते. डॉक्टर बिचारे दर तपासणीला मात्रा वाढवत होते.

त्याच दिवशी माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा उभे होते. दम्याच्या कॅप्सूलने काही गुण येत नाही, पैसे पाण्यात जातात, असे त्यांचे गाऱ्हाणे. बाई म्हणाल्या, "कशी घेता ते करून दाखवा." आजोबा म्हणाले, "त्यात काय दावायचं? पाण्यासंगट गिळतो की." ती कॅप्सूल गिळायची नसते. यंत्रात घालून, फिरवून, तोंडाने आत ओढायची असते. यंत्र घरी होते, पण ते कशाचे ते त्यांना उमगले नव्हते. बाईंनी काउंटरखालून एक रिकामे यंत्र काढले आणि आजोबांकडून ती ओढायची क्रिया तीनदा करवून घेतली. आजोबांना ठसका लागला. मागे रांग लागली, एक जण चुळबुळ करून निघूनही गेला. त्या पाच-सात मिनिटांचा बाईंना एक पैसाही मिळाला नाही, उलट एक गिऱ्हाईक गेले.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे फार्मासिस्टची कमाई विकलेल्या मालावर आहे, बोललेल्या शब्दावर नाही. ज्यांच्या किमती सरकारने बांधून दिल्या आहेत त्या औषधांवर दुकानदाराला १६ टक्के धरलेले आहेत. त्यात भाडे, वीज, फ्रिज, मुलाचा पगार. समोरच्या दुकानावर २० टक्के सवलतीचा फलक लागतो आणि मोबाइलवर त्याहून जास्त. अशा वेळी जो बोलत बसेल तो मागे पडेल. मग मालक हिशेब करतो: शिकलेला माणूस दिवसभर उभा करण्यापेक्षा त्याचे प्रमाणपत्र टांगायला थोडे पैसे दिले की झाले. हा व्यवहार तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे.

२०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, तेव्हा त्यांनी हा प्रश्न धसास लावायला घेतला होता. फार्मासिस्ट हजर नाही म्हणून दुकानांवर कारवाया झाल्या. दुकानदारांच्या संघटनेने विरोध केला, बंदची हाक दिली. त्या काळात आमच्या गावातही काही दुकानांत अचानक कोट घातलेली माणसे दिसू लागली होती, हे मला चांगले आठवते. कोट नवे होते, घड्या मोडलेल्या नव्हत्या. पुढे आयुक्त बदलले आणि कोट खुंटीवर गेले. इन्स्पेक्टरच्या भीतीने आलेला माणूस इन्स्पेक्टरबरोबरच जातो.

आता आमची बाजूही सांगते, कारण एकतर्फी लिहिले तर तुमचे सदस्य हे पत्र बाजूला सारतील. आम्ही गिऱ्हाइके काही कमी नाही. आम्ही चिठ्ठी नेत नाही, कापलेल्या पट्टीचा तुकडा नेतो, ज्यावर नावाची अर्धीच अक्षरे असतात. "परवा दिली होती ती पांढरी गोळी" मागतो. शेजारणीला लागू पडले म्हणून तेच मलम मागतो. माझ्या मुलाला ताप आला तेव्हा मी स्वतः पट्टीवर तांबडी रेघ असलेले अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय घेतले आहे, तीनच गोळ्या, आणि दुकानदाराने दिले नसते तर भांडले असते. नायट्यावर स्टिरॉइडचे मलम लावून तो वर्षभर पोसणारी किती तरी घरे मला माहीत आहेत. २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली गेली, पण ती आजही दंतमंजनासारखी मिळतात, कारण आम्ही मागतो. नाही म्हणायला काउंटरवर अधिकाराचा माणूस लागतो. बारावी नापास मुलगा मला नाही कसे म्हणणार? मी त्याच्या मालकाची जुनी गिऱ्हाईक.

बदली औषधाचा घोळ मात्र एकट्या दुकानदाराचा नाही. "हे नाही, ते घ्या, सेम कंटेंट आहे" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. नियम सांगतो की चिठ्ठीच्या यादीतले औषध बदलून द्यायचे नाही. त्याच वेळी सरकार जनऔषधी केंद्रे काढून सांगते की मूळ नावाचे स्वस्त औषध घ्या, आणि २०१६ पासून डॉक्टरांनाही सांगते की मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहा. डॉक्टर ब्रँडच लिहितात. मग केंद्रातल्या फार्मासिस्टने काय करावे? बदलून दिले तर नियम मोडतो, नाही दिले तर म्हातारा महाग औषध घ्यायला दुसरीकडे जातो. या गुंत्यात तुम्ही फार्मासिस्टच्या बाजूने तोंड उघडलेले मी तरी ऐकलेले नाही.

आणखी एक गोष्ट. ती बायका एकमेकींत बोलतात, पत्रात लिहीत नाहीत. आमच्या शेजारची मुलगी पुण्याला शिकते. ती तिथल्या एका दुकानात तातडीची गर्भनिरोधक गोळी मागायला गेली. या गोळीला चिठ्ठी लागत नाही. काउंटरवरच्या माणसाने आतल्या मुलाला ओरडून सांगितले, "अरे, ती गोळी दे रे, बहात्तर तासवाली!" दुकानात सात-आठ माणसे होती. मुलगी औषध न घेता परत आली. नंतर मैत्रिणीला घेऊन दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली, त्यात एक दिवस गेला, आणि त्या गोळीला एक दिवस म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. हेच दुकान सॅनिटरी पॅड मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून देते, जणू बॉम्ब नेतोय. प्लॅस्टिकबंदी आली तरी ती काळी पिशवी कुठून येते कोण जाणे. झाकायचे ते उघड आणि उघड चालेल ते झाकलेले, असा सगळा प्रकार. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मनाच्या आजाराची औषधे तीन स्टेशने सोडून आणतात, कारण घराजवळच्या दुकानात त्यांना एकदा मोठ्याने विचारले होते, "झोपेची गोळी? कुणाला लागते तुमच्यात?"

कोविडच्या दिवसांत सगळे बंद होते तेव्हा ही दुकाने उघडी होती. आमच्या मुलानेच, त्या नापास मुलानेच, सासूबाईंची रक्तदाबाची औषधे दाराच्या कडीला पिशवी अडकवून दिली होती. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच मोबाइलवर बटण दाबून औषधे मागवायला माझे मन अजून घेत नाही. पण मुलगी विचारते, "आई, दुकानात तुला कोण काय सांगतं, की तू एवढी उन्हात जातेस?" मला उत्तर सुचत नाही.

मागण्या फार नाहीत. बिल्ला लावलेल्या माणसाशी बोलण्याचा हक्क मला आहे, हे दुकानाच्या दर्शनी भागात मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले असावे, आणि फार्मासिस्टच्या हजेरीच्या वेळा तिथेच असाव्यात. दवाखान्यावर असतात तशा. "सर संध्याकाळी येतात" हे खरे असेल तर किती वाजता ते लिहा. मी चिठ्ठी घेऊन तेव्हा येईन. पाकिटावर १-०-० ऐवजी मराठीत "रोज सकाळी" किंवा "फक्त बुधवारी" असे छापलेले शिक्के तुम्ही दुकानांना दिलेत तर खर्च कितीसा येईल? आणि कोल्हापूरच्या त्या बाईंसारखी जी माणसे समजावून सांगतात, त्यांना त्या समजावण्याचे पैसे मिळावेत यासाठी तुम्ही सरकारशी भांडा. डॉक्टर तपासणीचे घेतात, आम्ही देतो. फार्मासिस्टने थायरॉइडचे सांगितले त्याचे वीस-तीस रुपये मी आनंदाने दिले असते. तेच आधी कुणी सांगितले असते तर माझी चार वर्षे वाचली असती. २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो, तेव्हा तुमच्या सभागृहात शाली-श्रीफळे होत असतील. पुढच्या वेळी व्यासपीठावर एखाद्या गिऱ्हाइकालाही बोलवा. आजोबांना बोलवा. यंत्र कसे ओढायचे ते तेच दाखवतील.

आमच्या दुकानाचे नाव मी लिहिलेले नाही आणि तो क्रमांकही नाही. लिहायला घेतला होता, खोडला. कळवला असता तर तुम्ही नोटीस काढली असती, फोटोतल्या गृहस्थांचे चार पैसे बुडाले असते, भिंतीवर दुसरा फोटो लागला असता आणि काउंटरवर मुलगा तोच राहिला असता. शिवाय ते गृहस्थ कुठे असतील, काय करत असतील, हे मला खरोखर माहीत नाही. एखाद्या कंपनीची बॅग घेऊन ते गावोगाव डॉक्टरांच्या दाराशी बसत असतील, किंवा तालुक्याच्या कॉलेजात फार्मसीच शिकवत असतील. समोर आले तरी मी ओळखीन असे नाही. मिशी आता पिकायला लागली असेल.

सासूबाईंच्या गोळ्या येत्या मंगळवारी संपतात. मी संध्याकाळी जाईन.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक
सातारा